पाच हात, पाच मुठी

काठी म्हणजे पाच हात, पाच मुठी.
कुणाचे हात, ते कागदावर लिहीत नाहीत.

या पेठेत ते रखमाजीचे होते.
बाभळी तोडून झाल्या होत्या, बुंधे अजून धुमसत होते,
नागझरीच्या अंगाला रात्री तरस हसायचं
आणि हरबाजी शेट्यांच्या कनवटीला नवा कौल :
पहिलं साल माफ, मग चढत चढत
सातव्या साली पुरता वसूल.
तोवर या, चूल पेटवा,
मागच्या गावी कोण होतात ते इथे कुणी विचारणार नाही.

सरकारी काठी यायची होती, आली नाही.
मुहूर्त मात्र आला.
शेटे म्हणाले, रखमाजी, तुझाच हात धर.
त्यानं बांबूवर कोपरापासून पाच हात टाकले, बिनचूक,
पुढे पाच मुठी, एकीला एक लागून.
त्या हाताला करंगळी नव्हती.
उसाच्या चरकात गेलेली, पोरवयात;
दुखायचं थांबल्यावर तोही विसरला होता.

चुन्याची रेघ. बारा घरठाणं, प्रत्येकी दोन काठ्या रुंद.
पहिलं सुभानजी तांबटाला, त्याची भट्टी आधीच पेटलेली.
मग रंगारी. मग कासार भाऊ, एकमेकांशी न बोलणारे,
म्हणून मध्ये एक घर सोडून.
प्रत्येकाला दहा बोटं कमी मिळाली.
सगळ्यांनाच सारखी, त्यामुळे
भांडायला कुणी उरलं नाही.

उरली ती जमीन. चिंचेपाशी,
हद्द जिथे संपायला हवी तिथे,
एकशेवीस बोटं.
शेट्यांनी तीनदा मोजली. त्याच काठीनं मोजली.
कारकुनानं बारा लिहून शाईवर वाळू टाकली.

त्या पट्टीत अंबू बुरडीण येऊन बसली.
पेठ वसवायला तांबट लागतो, सराफ लागतो;
धान्य पाखडायला सुपं लागतात
हे कौल लिहिताना कुणाला सुचलं नव्हतं.
सातव्या साली वसुलीवाला दारं मोजत आला,
बारा झाली, पुढे नुसता तट्ट्या.
तट्ट्याला दार म्हणावं का, यावर त्यानं पान खाल्लं
आणि परत गेला.

परवा आम्ही तिथे तिपाईवर मशीन उभं केलं.
लाल ठिपका भिंतीवर थरथरला.
सोसायटीचे चेअरमन, बिल्डरचा माणूस, कटिंग चहा.
नकाशा आणि जागा जुळेना,
दर घरामागे साडेसात इंच.
बिल्डरचा माणूस म्हणाला, साहेब,
मग अतिक्रमण नक्की कुणाचं?

रखमाजी दप्तरात नाही. अंबूही नाही.
दोघांना मी चहा निवेपर्यंत रचलं.
चूक मात्र आहे, दर घराला तेवढीच,
आणि इतकी प्रामाणिक चूक
माणसाच्या हाताखेरीज कुणाला जमत नाही.

चिंच गेली. पट्टीचा बोळ झाला.
समोरून कुणी आलं तर
एकानं अंग चोरायचं, असा रिवाज.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : वहिवाट.
मग कुणी बघत नाहीसं पाहून
करंगळी मुडपली, भिंतीला मूठ टेकवली,
तिच्यापुढे दुसरी, तिसरी,
सव्वीसपर्यंत आलो असेन,
मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला :
ओ काका, सरका जरा.