बघशील तिथे

अँगल्सी. टायर अजून गार,
समुद्रावरून आडवा वारा.
ग्लेनिस म्हणते, पहिल्या दोन फेऱ्या
घाई नको, रबराला ऊब येऊ दे.

हँडल आवळू नकोस.
मी मनात म्हणते, लाटणं;
दाबून धरलं की पोळी फाटते.
गुडघ्यांनी टाकी धर, कोपरं सैल,
ब्रेक वळणाआधी, आणि सोडायचा
निजलेल्या बाळाच्या खोलीचं दार
ओढून घेतात तसा.

नजर पुढे. बघशील तिथेच जाशील.

तिसऱ्या फेरीत मी
गवतातले कावळे पाहिले.
गेले कावळ्यांकडे.

ग्लेनिसने माझ्या काचेवरचा चिखल
अंगठ्याने पुसला.
किती होते?
सात.
म्हणजे बघता येतं तुला, ती म्हणाली.
आता वळण जिथे सुटतं
ते बघ.