अकरावी फ्रेम

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. पोटमाळा.
रात्रीचे पावणेदहा,
मुजावरांच्या फौंड्रीची जीआयएफ अडकलीय.

लॅडल कलतं, रस निघतो
आणि अकराव्या फ्रेमला
हवेतच थिजतो.
ब्राउझरात धावतोय की नीट!
या सॉफ्टवेअरातच काय होतंय?

कॅश पुसली. ड्रायव्हर बदलला.
समोरचा चहावालाही शटर ओढून गेला.

मुजावर मागं उभे,
मनगटावर जुने चटके.
"ओतताना हात थांबला
तर माल भंगारात जातोय, पोरी."

मग दिसलं. अकराव्या फ्रेमला
मी वेळच दिला नव्हता.
शून्य.
ब्राउझर सांभाळून घेतो,
हे घेत नाही.

दहा टाकले.
रस पडला. पुन्हा पडला. पुन्हा.

मुजावर वाकून बघत राहिले,
साचा भरायची
वाट बघत.