चोडण, मानशीजवळ

वीतभरही नाही ही नळी,
पितळेची, आतून आरशासारखी घासलेली.
एका तोंडाने चिखलावरची हवा ओढते,
दुसऱ्याने सोडून देते.
मधून जातो न दिसणारा उजेड,
सेकंदाला सोळाशे वेळा उघडझाप करत.
मिथेनचा रेणू तो गिळतो,
तापतो, निवतो, पुन्हा तापतो,
आणि हवेला लागलेल्या त्या धापेलाच
आम्ही आवाज म्हणतो.
दहा लाखांत दोन.
एवढ्या गर्दीत दोघेच कुजबुजतात
आणि मला त्यांची शिरगणती हवी.

बॅटरी आणली रायबंदरच्या फेरीबोटीतून,
मासळीच्या पाट्यांमध्ये, गुडघ्यांनी धरून.
इथे मानस म्हणजे लाकडी दार,
खाडी आणि खाजन यांच्यामधलं.
इनासने त्याच्या खोपीतला कोपरा दिला.
भाडं नको म्हणाला. विचारलं तेवढं,
"बाये, कितें आयकता गो तें?"
चिखलाचा श्वास, म्हटलं.
त्याला नवल वाटलं नाही.
बांधाला खेकड्याने बीळ पाडलं
की पाणी कुठल्या सुरात झिरपतं
हे तो चौतीस वर्षं अंधारात ऐकतो,
जाऊन तिथेच टाच रोवतो.

पहिल्या रात्री सव्वानऊला रेघेवर सुळका.
दुसऱ्या रात्री दहा वाजून पाच.
तिसऱ्या रात्री दहा पंचावन्न.
रोज पन्नास मिनिटं उशिरा, चंद्राच्या हिशेबाने.
काय काय लिहिलं मी!
ओहोटी लागते, पाण्याचा भार उतरतो,
खाजन छाती मोकळी करतं...
चौथं प्रकरण जवळजवळ उभं राहिलं.
सर फोनवर म्हणाले, "छापू."

सातव्या रात्री डासांनी झोपू दिलं नाही.
सव्वादोन.
बाहेर कंदील, फळी वर चढत होती,
जाळं फुगून कोळंबीने थरथरत होतं,
आणि इनास शीळ घालत होता.
एकच सूर, लांब, दम टिकवायला.
त्याचा बाप घालायचा तीच.
आत येऊन पाहते तर सुळका.
नळीत शुद्ध नायट्रोजन सोडला,
जिच्यात ऐकण्यासारखं काहीच नाही अशी हवा.
"परत एकदा," मी ओरडले.
रेघ परत चढली.

त्याने टोपी काढली, जणू कुणी गेलंय.
"मग हांव ओगी रावतां."
आणि राहिला. आठव्या रात्री
फळी दोनदा हातातून निसटली.
रेघ सरळ.
नाही, अगदी सरळ नाही.
तळाशी खरी ओहोटी होती, नखाएवढी,
दोन पूर्णांक एकवरून
दोन पूर्णांक तीनवर.
एवढंच म्हणायचं होतं चिखलाला,
आणि मी त्याच्या तोंडी केवढं घातलं होतं.

मग खोर्लीच्या लेथवाल्याकडून
नवी नळी कातून आणली, चार बोटं लांब.
ती आता खालच्या सुराला कान देते.
जुन्या सात रात्री वहीत आहेत तशा,
वर शिसपेन्सिलीने: मिथेन नव्हे, इनास.

काल त्याने फळी उचलली, शीळ पुरी घातली,
खोपीत डोकावला. रेघ जागची हलली नव्हती.
"आतां तें म्हजें आयकना?"
नाही, म्हटलं.
जरासा हिरमुसला,
आणि कोळंबी निवडायला बसला.