नाही म्हणायची रीत

बाबांनी मनगटावरचं घड्याळ मागे घेतलं नाही.
"तासाभराचा तर फरक. कायसेरीत दहा वाजलेत
म्हणजे दहाच वाजलेत. प्रागवाल्यांनी त्यांचं काय ते बघावं."

तायफुनने यादी करून आणली होती:
पूल, किल्ला, नदीतली बोट, पुन्हा पूल (रात्रीचा),
दीडला जेवण, आणि समासात – आईचे गुडघे.
पहिल्याच चौकात यादी संपली.

तिथे मनोऱ्याच्या अंगावर घड्याळ होतं,
एकात एक तबकड्या, सूर्याचा काटा वेगळा, चंद्राचा वेगळा,
आणि चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून बसलेला माणूस
मान वर करून उभा राहिला
तो राहिलाच.

गर्दी जमली. मोबाइल वर गेले.
तास भरला तसा वरचा सांगाडा हलला,
एका हातानं घंटेची दोरी ओढू लागला,
दुसऱ्या हातात वाळूचं घड्याळ.
काळच तो. घटका भरली, चला, अशी मान डोलावत होता.
शेजारी पगडीवाला एक पुतळा
इकडून तिकडे मान हलवत: नाही, नाही, नाही.
खिडक्यांतून संत डोकावून गेले,
कोंबडा आरवला, पत्र्याच्या डब्यात कुणी शिंकावं तसा,
आणि संपलं.
"एवढंच?" आई म्हणाली.
सगळी गर्दीच म्हणाली, आपापल्या भाषेत.

छत्रीवाल्या गाईडबाईंनी सांगितलं,
तो पगडीवाला म्हणजे तुर्क (आमच्याकडे बघून जरा अडखळल्या),
मरण बोलावतंय, त्याला जायचं नाहीये.
आणि अशी दंतकथा की दुसरीकडे असं घड्याळ होऊ नये
म्हणून कारागिराचे डोळे काढले.

मी बाबांना सांगितलं.
"काढायचे कशाला? दहा वर्षं थांबले असते
तर आपोआप गेले असते."
मग बऱ्याच वेळानं,
"आणि तो आपला नाही.
आपण नाही म्हणताना अशी मान हलवतो?
हनुवटी वर, भुवया वर, जिभेनं च्क. झालं."

मला माहीत होतं.
मार्चमध्ये ऑपरेशनची तारीख विचारणाऱ्या डॉक्टरांना
त्यांनी असंच उत्तर दिलं होतं.

दहाचे ठोके. अकराचे.
तायफुन बायको-मुलाला घेऊन पुलावर निघून गेला, रागानंच.
आईनं बाकावर बूट काढले, विमानात वासाच्या भीतीनं
न उघडलेला पास्तिर्माचा डबा उघडला.
वासानंच की काय, बाकाच्या दुसऱ्या टोकाचे
एक म्हातारे गृहस्थ वळले. वोंद्राचेक, छातीवर हात ठेवून म्हणाले.
मांडीवर बाजाराची पिशवी, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ.

बाबांनी हात पुढे केला.
किल्ल्यांच्या जुडग्यातलं पातं, मागचं झाकण, एक फुंकर,
दोन टकली एकमेकांना टेकलेली,
यांना चेक येत नाही, त्यांना तुर्की.
टिकटिक सुरू झाली तेव्हा आधी आईला ऐकू आली.

वोंद्राचेक पाकीट काढून बसले.
बाबांनी हनुवटी वर केली. च्क.
त्यांनी आणखी एक नोट काढली.
हनुवटी आणखी वर. च्क, च्क.
ते गोंधळले, तिसरी काढली, चेहरा पडलेला,
आता पाकिटात नुसती नाणी.

तेवढ्यात बाराचा पहिला ठोका पडला
आणि बाबांनी, आयुष्यात कधी केली नव्हती तशी,
इकडून तिकडे मान हलवली:
नाही, नाही, नाही.
वर तो पगडीवालाही तेच करत होता.
आई इतकी हसली की डबा कलंडला.

किल्ला राहिला. बोट राहिली.
तायफुन रात्री जेवताना बोलला नाही,
पण पुलाचे फोटो मात्र बाबांना दाखवले, सगळे, एकसष्ट.

बाबांनी दिवा मालवला तेव्हा त्यांच्या घड्याळात
बारा वाजून गेलेले, उद्या लागलेला.
आमचा पहिला दिवस अजून शिल्लक होता.
बाथरूममधल्या ग्लासात ब्रशांशेजारी
वोंद्राचेकांनी जबरदस्तीनं दिलेली कांद्याची पात.
"सकाळी अंड्यात घालू," आई अंधारात म्हणाली,
"कुणाला तरी विचारा, इथे चूल कुठे मिळते."