अंडं नसलेला पाव

गव्हाचं जहाज दोन आठवडे आलं नव्हतं,
म्हणून झेफेरीनोनं पिठात रताळं कालवलं,
उकडून, सोलून, मुठीनं मऊ केलेलं.
आतून नारिंगी, पिकल्या पपईच्या जातीचं.

मी म्हटलं, लोक म्हणतील शिळा आहे.
लोक म्हणाले, "अंडी घातलीत वाटतं?"
केलिमानच्या बाजारात अंडं महाग.
झेफेरीनो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही,
टोपलीवरचं फडकं नीट करत राहिला.
उजाडायच्या आत टोपली रिकामी.
सायकलवाले खिशात पाव कोंबून
नदीकडे उतरले.

मग आरोग्यकेंद्रातली ग्रासिएत आली.
तिनं एक पाव फोडला, उजेडाकडे धरला,
नोट खरी की खोटी बघावी तसा.
म्हणाली, हा रंग डोळ्यांचं औषध आहे,
पण भित्रा. उन्हात विटतो, फार आचेनं करपतो,
पाण्याशी तर बोलतही नाही.
तेलाचं बोट धरल्याशिवाय
आतड्याची भिंत ओलांडायचा नाही,
आला तसा निघून जाईल.
तेल किती घालता?

झेफेरीनोनं दोन बोटं दाखवली.
माझ्याकडे बघून एक दुमडलं.

शेजारची देओलिंदा रोज सांगायची,
पोरगा खातो गं, पण अंगी लागत नाही.
मला वाटायचं, आईचं बोलणं.
त्या दिवशी कळलं, तिनं नेमकं सांगितलं होतं,
फक्त वजनकाट्याशिवाय.

आता नारळाचं तेल मी ओतते.
त्याचा हात आखडतो.
वहीत ती ओळ तो लाल शाईनं लिहितो,
रात्री वाचून दाखवतो,
वीस पावांमागे एक पाव गेला, बाई.
गेला तर गेला.
भट्टीच्या तोंडाशी बसून मी कणीक झाकते,
उजेड तिला लागू नये म्हणून,
तान्ह्या बाळाला झाकावं तशी.

देओलिंदाचा अबीलियो
दिवे लागायच्या वेळी भिंत चाचपत घरी यायचा.
पावामुळे फरक पडला असं मी म्हणणार नाही.
ग्रासिएत म्हणते, पाऊस संपेपर्यंत थांब,
मग रक्त तपासू.

पण काल अंधार पडता पडता
माझ्या कोंबडीला त्यानं खडा मारला.
मी ओरडले, तो पळाला,
भिंतीला हात न लावता.
खडा चुकला.
थोडक्यात चुकला.