पाव फेरा

मिरजेत, मिशन हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत
आमचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं.
शहाण्णव साली तिथं तीन कॅसेटी आल्या,
मायदेशी निघालेल्या एका डॉक्टरच्या पोरानं
शांतवनला दिलेल्या.
पाठीवरची इंग्रजी नावं माझ्या अक्षरात उतरली:
काळा झेंडा. किरकोळ धमकी. बिघडलेली डोकी.
वडिलांना वाटलं, कुणाच्यातरी मोर्चाचं सामान.

तिघं रोज सातला यायचे
पायरीवर भडंगाची पुडी फोडून
अमेरिकेचा निकाल लावायला.

शांतवन झेंड्याचा. कुपवाडच्या फाउंड्रीत पहिली पाळी,
नखांत काळी वाळू.
त्या लोकांनी पुढं केस वाढवले, गाणी संथ केली,
निम्मे चाहते शिव्या घालत निघून गेले;
ह्याला नेमकी तीच आवडायची.
"पाळीचा शेवटचा तास असाच असतोय मर्दा,
सरता सरत नाही."

भरतेश चौगुले धमकीचा.
दारू नाही, सिगारेट नाही, तीनेक वर्षं वाजवलं आणि थांबले.
"चातुर्मासात चालतील," म्हणायचा.
पीटीच्या सरांचं स्टॉपवॉच त्यानं कधीच परत केलं नाही.
"अठ्ठेचाळीस सेकंद! आमचं गाणं संपलं,
तुमचा अजून ड्रम लागायचाय."

नियाज शिकलगार डोक्यांचा.
घरात चार पिढ्या तंबोरे.
"आधी सावकाश जमलं पाहिजे, मग पळावं.
ह्यांचा रियाज आहे.
बाकीचे कुत्रं मागं लागल्यासारखे पळतायत."
"पळणं ते पळणं," भरतेश म्हणायचा,
"कुत्र्याचं काय घेऊन बसलास?"

पहिलं कोण, ह्यावरून
शांतवन आणि भरतेश एकोणीस दिवस बोलले नाहीत.
भडंगाच्या दोन पुड्या आणल्या जायच्या.
नियाज दोन्हींतून खायचा.

मग एका रविवारी नियाजनं धमकी घरी नेली.
त्याचे वडील घोडीवर जवारी लावत होते,
दोरा तारेखाली धरून.
दोन गाणी ऐकली. म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद.
"हा सूर पेटीत नाही.
पांढरी चार आणि काळी तीनच्या फटीत आहे.
कुणीतरी ओढलाय."

नियाजनं हे पायरीवर सांगितलं.
स्टॉपवॉच भरतेशच्या हातात चालूच राहिलं.
तिघांनी माझ्याकडं पाहिलं.

मी सोल्डरच्या धुराकडं पाहत होते.
मूळ टेप तेहतीस मिनिटांची.
साठच्या कॅसेटची एक बाजू तीस.
नव्वदची बारा रुपयांनी महाग,
आणि शांतवनचा पगार दहा तारखेनंतर.
मोटरच्या पाठीला एक भोक असतं, आत स्क्रू.
पाव फेरा.
तेहतीस तिसात बसली.

"अमेरिकेतली वीज वेगळी असते," मी म्हणाले.
"आपली पन्नास हर्ट्झ, त्यांची साठ."
खोटं इतकं नीट निघालं
की दुसऱ्या दिवसापासून भांडण विजेवर गेलं,
आणि भरतेशनं सिद्ध केलं
की साठ हर्ट्झचं माणूस मुळातच जास्त रागीट असतं.

परवा त्याचा फोन आला, सांगलीहून, हळदीच्या पेठेतून.
मागं तोलारांचा गलका.
पोरानं मोबाइलवर मूळ गाणी लावून दिली होती.
"धमकी थकली गं," म्हणाला.
"वय झालं तुझं."
"माझं नाही. त्यांचं. तुझ्या दुकानातली
जास्त चिडलेली होती."
बराच वेळ कुणीच बोललं नाही,
सौद्यात कुणीतरी भाव पुकारत होतं.
"ती कॅसेट आहे का अजून?"

आहे. डेकसुद्धा आहे, माळ्यावर.
स्क्रूवरचा लाल रंग जिथं फुटला
तिथं मी नखानं चाचपून पाहिलं.

शांतवन विचारत नाही, त्याला संथच आवडतं.
नियाजही विचारत नाही.
पण दर दिवाळीला दुकानात येतो,
तंबोऱ्याचा मणी खाली सरकवावा
तसा हवेत दोन बोटांनी
पाव फेरा उलटा फिरवतो
आणि चहा मागतो.