विसण

डिसेंबरात तांडापेठेत पहाटे नळ येतो
तेव्हा पाणी बोटांना चावतं.
बाबांनी गिझरचा नळ पूर्ण सोडला,
बादलीत पाय बुडवून
मोरीच्या उंबऱ्यावर बसले
आणि रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत उठले नाहीत.

मी दार ढकललं तर आरसा आंधळा,
भिंतींना घाम.
"बाबा, अहो पाणी!"
"मले तं कोमट वाटते," ते म्हणाले.

संध्याकाळी दोन्ही पावलांवर फोड.
लिंबाएवढे. आत पिवळसर काही हलणारं,
जणू बादलीतलंच थोडं
कातडीनं ठेवून घेतलं होतं.

मेडिकलच्या ओपीडीत हेडाऊ मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा.
कापसाची वात तळपायावरून फिरवली.
"आता लागतंय?"
"हो."
"आता?"
"हो हो," बाबा म्हणाले.
वात तेव्हा टेबलावर होती.

मग मला बाजूला घेऊन सांगितलं,
साखरेनं नसा टोकाकडून विझत येतात.
गरम पाणी आधी कातडीचं तेल पळवतं,
मग रक्त वर धावून येतं, लाली चढते,
नस ओरडते, माणूस पाय काढतो.
ह्यांच्या पायात ओरडणारं आता कुणी नाही.
आणि पाण्यात बोटं सुरकुततात ना,
तेही नसांचंच काम.

मॅडम पुढच्या पेशंटकडे वळल्या.
मी तिथंच.
दोन वर्षं झाली, अंघोळीनंतर बाबांची पावलं गुळगुळीत.
आई म्हणायची, "पाह्य ना, म्हाताऱ्याचे पाय कसे पोरावानी!"
आम्ही सगळे हसलो होतो.
बाबा सगळ्यात जास्त.

हा डोमाजी निनावे, रंगारी.
ह्याच्या भट्टीवर सुताच्या लडी उकळायच्या
आणि थर्मामीटर नव्हतं.
तर्जनी बुडवायची, ओठ हलवत तीन मोजायचे, काढायची.
"अजून दोन लाकडं."
किंवा, "बस. मीठ टाक."
लुगड्याच्या काठाचा लाल त्या बोटावर ठरायचा.
नख जांभळं झालं ते जांभळंच राहिलं,
लग्नाच्या फोटोतही.

सात वर्षांची असताना मी चोरून बोट घातलं त्या पाण्यात.
एकवरच किंचाळले.
त्यांनी मनगट धरून हात रांजणात कोंबला,
दुसऱ्या हातानं झारा हलवतच होते, लडी करपू नये म्हणून.
"कातडं शिकते हळूहळू," म्हणाले,
"घाई नाई करा लागत."

विसरायला किती दिवस लागतात,
ते नव्हतं सांगितलं.

ड्रेसिंग करताना जुनी साल कांद्यासारखी निघते.
खाली जो गुलाबी रंग आहे
तो मी कुठल्याच काठावर पाहिलेला नाही.
बाबा वाकून बघतात. धंद्याची नजर.
"पक्का नाही वाटत," म्हणतात.

जखमा भरल्यावर पाणी मी काढते.
विसण घालते, कोपर बुडवते,
पुन्हा थोडं विसण.
तरी बाबा आधी ती तर्जनी घालतातच,
ओठ हलतात, एक, दोन, तीन,
मग माझ्याकडे बघतात.
"किती हाये?"
"बरं हाये. टाका पाय."

आणि मग मे.
छतावरच्या काळ्या टाकीतून
थंडाच्या नळालाही चहा टाकावा असं पाणी.
गिझर बंद, तरी बादली वाफाळते.
घरात विसणच नाही.
मी मडक्यातला गडू भरून ओतला.

"प्यायच्या पाण्यात पाय?"
आई ओट्यावरून कडाडली.
बाबांनी पाय वर घेतले,
परक्या घरी आल्यासारखे.

कुकरची शिट्टी झाली. अजून एक झाली.
मग आई आली, काही बोलली नाही,
दुसरा गडू ओतला,
पदर खोचून वाकली
आणि स्वतःचं कोपर बुडवून
बराच वेळ तशीच राहिली.